मोटार कंपन्या वाचवायच्या असतील तर आधी बिलं वाचवा : केंद्र आणि राज्य सरकारला खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय अर्थमंत्री,
मा. केंद्रीय अवजड उद्योगमंत्री,
मा. उद्योगमंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय : मंदीत वाहन कंपन्यांना सरकारी तिजोरीतून मदत द्यायची की नाही, आणि द्यायची तर कुठल्या अटींवर, याचे नियम आधीच लिहून ठेवण्याबाबत.

महोदय,

गाड्यांचा खप पडला की पुढचा क्रम ठरलेला असतो. डीलरच्या यार्डात गाड्या साचतात, कारखान्यांत ‘नो प्रॉडक्शन डे’ लागतात, कंत्राटी कामगारांचे गेटपास बंद होतात आणि मग शिष्टमंडळं दिल्लीला निघतात. हातात लाखो नोकऱ्यांचा आकडा असतो. आकडा खोटा नसतो. फक्त त्यातल्या बहुतेक नोकऱ्या शिष्टमंडळातल्या कंपन्यांकडे नसतात. त्या भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर, अंबडच्या शेडमध्ये असतात.

आम्ही त्या शेडमधले लोक आहोत. प्रेस शॉप, मशीनिंग, टूलरूम, आणि या सगळ्यांचे हिशेब पाहणारे. मोटार कंपन्यांच्या शेड्यूलवर, म्हणजे दर महिन्याच्या ऑर्डरवर, आमची चूल पेटते, म्हणून आम्ही ‘कंपन्यांना वाचवा’ म्हणू, असं आपल्याला वाटेल. आम्ही तसं म्हणत नाही. करदात्याचा पैसा कंपनीच्या ताळेबंदात ओतू नका. द्यायचाच झाला तर तो पोचलेल्या मालाच्या बिलांमागे हमी म्हणून उभा करा. आणि कंपनीच बुडत असेल, तर आधी तिच्या भागधारकाचा पैसा जाऊ द्या, मग सरकारचा येऊ द्या.

हे पत्र मंदी नसतानाच लिहिणं बरं. मंदीत नियम लिहायला सवड नसते. अमेरिकेत ११ डिसेंबर २००८ ला मोटार कंपन्यांच्या मदतीचा प्रस्ताव सिनेटमध्ये अडला आणि १९ डिसेंबरला अध्यक्ष बुश यांनी बँकांसाठी मंजूर झालेल्या ७०० अब्ज डॉलरच्या निधीतून जनरल मोटर्सला (जीएम) १३.४ अब्ज आणि क्रायस्लरला ४ अब्ज डॉलरचं कर्ज जाहीर केलं. आठ दिवसांत जे ठरतं त्यात अटी ढोबळच राहतात.

त्या प्रकरणाचे धडे दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीने सांगतात, म्हणून थोडं सविस्तर.

मदतीच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा मदत न मागणाऱ्या कंपनीने मांडला होता. फोर्डने २००६ मध्येच, निळ्या लंबगोल बोधचिन्हासकट जवळजवळ सगळं गहाण टाकून २३ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम उभी केली होती, त्यामुळे तिच्याकडे रोकड होती. तरीही तिचे प्रमुख अॅलन मुलाली प्रतिस्पर्ध्यांना मदत द्या म्हणून संसदेत बसले. कारण साधं होतं : तिघांचे पुरवठादार तेच. जीएम एका रात्रीत बंद पडली असती तर तिच्या बिलांवर जगणारे कारखाने पडले असते, आणि त्यांच्या मागोमाग फोर्डची लाइन थांबली असती. त्यात बँकाच गोठलेल्या. दिवाळखोरीच्या काळात कारखाना चालवायला लागणारं खेळतं भांडवल कुठलीही खासगी संस्था देणार नव्हती. ‘बाजाराने ठरवू द्या’ हे म्हणायला बाजार जागेवर असावा लागतो. तो तेव्हा नव्हता. हे आम्ही मान्य करतो, म्हणून ‘कधीच मदत नको’ असं आमचं म्हणणं नाही.

पण मदतीचा परिणाम दिसला तो पैसे दिल्यावर नव्हे, दिवाळखोरीनंतर. डिसेंबरचं कर्ज तीन महिन्यांत संपत आलं. ३० मार्च २००९ ला ओबामा सरकारने दोन्ही कंपन्यांचे आराखडे नाकारले, जीएमचे प्रमुख रिक वॅगनर यांना पायउतार व्हायला लावलं, आणि मुदत घातली. क्रायस्लर ३० एप्रिलला न्यायालयात गेली, जीएम १ जूनला. जीएम ४० दिवसांत बाहेर आली. जुन्या भागधारकांच्या हाती काहीही उरलं नाही. रोखेधारकांना नव्या कंपनीचा १० टक्के हिस्सा, कामगारांच्या आरोग्य निधीला १७.५ टक्के, कॅनडा आणि ओंटारिओ सरकारला ११.७ टक्के आणि अमेरिकी तिजोरीला ६०.८ टक्के. पुरवठादारांची बहुतेक बिलं नव्या कंपनीने उचलली. आमच्या दृष्टीने त्या सगळ्या खटाटोपातलं सगळ्यात मोलाचं वाक्य हे शेवटचं.

हिशेबही पाहा. वाहन उद्योगावर एकूण सुमारे ८० अब्ज डॉलर खर्च झाले, सुमारे ७० अब्ज परत आले. एकट्या जीएमवरचा तोटा ११ अब्जांच्या वर गेला; इतर गुंतवणुकींवरच्या नफ्यामुळे एकूण तोटा त्याहून कमी दिसतो. एप्रिल २०१० मध्ये जीएमने ‘सरकारी कर्ज मुदतीआधी, व्याजासकट फेडलं’ अशी जाहिरात केली, ती शब्दशः खरी होती. पण करदात्याच्या सुमारे ५० अब्जांपैकी कर्ज म्हणून नव्या कंपनीच्या खात्यावर फक्त ६.७ अब्ज ठेवले होते, बाकीचे शेअर्समध्ये बदलले होते. आणि ते कर्जही फिटलं ते सरकारनेच दिलेल्या राखीव खात्यातल्या पैशातून. आपल्याकडे असं काही झालं तर पहिल्या पानावर कुठली ओळ छापून येईल ते सांगायला नको.

याच अमेरिकेने १९८० साली क्रायस्लरला रोख रक्कम दिली नव्हती. दीड अब्ज डॉलरपर्यंतच्या कर्जांना हमी दिली होती, आणि बदल्यात कंपनीचे १ कोटी ४४ लाख शेअर ठरलेल्या भावाने घ्यायचा हक्क लिहून घेतला होता. १९८३ मध्ये कर्ज मुदतीच्या सात वर्षं आधी फिटलं आणि तो हक्क विकून तिजोरीला ३१ कोटी डॉलर मिळाले. कंपनीला ते देणं जड गेलं, तिने हक्क फुकटात परत मागून पाहिले. सरकारने दिले नाहीत, हे उत्तम केलं.

आता मंदीत पहिल्यांदा काय मरतं ते पाहू. दिल्लीतल्या सादरीकरणांत ही पायरी नसते.

एक मध्यम प्रेस शॉप धरा. महिन्याला ४० लाखांचा माल जातो, १८ टक्के जीएसटी धरून बिल ४७ लाख २० हजारांचं. त्यातलं २४ लाखांचं पत्र्याचं कॉइल. स्टीलवाला आगाऊ किंवा फार तर ३० दिवसांत पैसे घेतो. ग्राहक ६० दिवसांनी देतो. म्हणजे कुठल्याही दिवशी दोन महिन्यांची, ९४ लाख ४० हजारांची येणी बाहेर असतात. बँक त्या येण्यांवर २५ टक्के मार्जिन कापून ७० लाख ८० हजारांची ड्रॉइंग पॉवर, म्हणजे खात्यातून उचलता येणारी कमाल रक्कम, देते. जीएसटीची रक्कम मात्र पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरावीच लागते, ग्राहकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. पत्र्यावरचं क्रेडिट वजा जाऊन ही रक्कम २ लाख ८८ हजार.

मंदी आली, शेड्यूल निम्मं झालं. महिन्याचं बिल २३ लाख ६० हजार. त्याच वेळी ग्राहकाने पैसे ६० ऐवजी १२० दिवसांवर नेले. चार महिन्यांनी येणी पुन्हा तेवढीच, ९४ लाख ४० हजार. पण ९० दिवसांवरची येणी बँक मोजत नाही. मोजली जाते तीन महिन्यांची, ७० लाख ८० हजार. त्यावर मार्जिन कापून ड्रॉइंग पॉवर ५३ लाख १० हजार. धंदा निम्मा, येणी तेवढीच, आणि बँक म्हणते १७ लाख ७० हजार परत भरा. ते भरता आले नाहीत आणि खातं सलग ९० दिवस ड्रॉइंग पॉवरच्या वर राहिलं, की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. मालाची मागणी कमी झाल्याने शॉप बंद पडत नाही. निम्म्या शेड्यूलवर माणसं सांभाळून वर्ष काढता येतं. शॉप बंद पडतं ते या १७ लाख ७० हजारांनी.

पुढची गाठ डायची, म्हणजे पत्रा दाबून सुट्या भागाला आकार देणाऱ्या साच्याची. बहुतेक डाय ग्राहकाच्या मालकीच्या, पण ठेवलेल्या आमच्या शेडमध्ये. बँकेने शेड सील केली की पंचनाम्यात त्या डायसुद्धा अडकतात. चाळीस रुपयांचा एक ब्रॅकेट येत नाही म्हणून आठ लाखांच्या गाडीची लाइन थांबते. दुसरा पुरवठादार उभा करायचा तर डाय सोडवा, ट्रायल घ्या, नमुन्यांची तपासणी, मग कंपनीची मंजुरी; यात महिने जातात. मुलाली संसदेत जे सांगत होते ते चाकणच्या पातळीवर असं दिसतं.

आणि ज्या डायचा खर्च नगामागे वसूल होतो तिथे वेगळंच नुकसान. १२ लाखांची डाय, नगामागे ४ रुपये, ३ लाख नगांत वसुली असा करार. मॉडेल १ लाख १० हजार नगांवर बंद झालं तर ७ लाख ६० हजार रुपये पोलादाच्या रूपात कोपऱ्यात पडून राहतात. भंगारवाला किलोवर घेतो.

‘तुमच्यासाठी कायदे आहेत की’ असं उत्तर येईल. आहेत. २००६ च्या एमएसएमई कायद्यात ४५ दिवसांची मुदत आहे, उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज आहे. ते व्याज मागणाऱ्याला पुढच्या महिन्याच्या शेड्यूलमध्ये शून्य दिसतं, म्हणून दुकान बंद करायची तयारी असलेलाच या कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे जातो. आयकरातली ४३बी(एच) म्हणून ओळखली जाणारी तरतूद २०२४ पासून आली : सूक्ष्म आणि लघुउद्योगांची बिलं वेळेत न देणाऱ्याला त्या वर्षी त्या खर्चाची वजावट नाही. चांगल्या वर्षांत याचा धाक बसतो. पण तोट्यातल्या कंपनीला वजावट गेल्याचं दुःख किती? मंदीत, नेमकी गरज असते तेव्हा, ही तरतूद बोथट होते. सप्टेंबर २०१९ ची कंपनी कराची कपात नफ्यातल्या कंपन्यांसाठी होती. आमच्यातल्या निम्म्याअधिक पेढ्या मालकीच्या किंवा भागीदारीच्या, त्यांना तिचा स्पर्शही झाला नाही. वाहन उद्योगाच्या २५,९३८ कोटींच्या पीएलआय (उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन) योजनेत सुटे भाग बनवणाऱ्यांसाठी उंबरठा आहे ५०० कोटींच्या उलाढालीचा. तिथे पोचलेल्याला भोसरीत कुणी लघुउद्योजक म्हणत नाही.

तेव्हा आमचा प्रस्ताव. टीआरईडीएस ही बिलं वटवण्याची व्यवस्था तयार आहे, आणि २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. पण नोंदणी म्हणजे बिल स्वीकारणं नव्हे. लॉगिन घ्यायचं आणि बिल चढवायचंच नाही, हे सर्रास चालतं. एमएसएमई कायदा सांगतो की माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत नसेल तर माल स्वीकारला असं समजायचं. हाच नियम या व्यवस्थेत घाला : ई-इन्व्हॉइस आपोआप चढावं, १५ दिवस गप्प राहिलं तर बिल स्वीकृत.

मंदीचा काळ कोणी घोषित करायची वाट पाहू नये. ‘वाहन’ पोर्टलवरच्या नोंदणीत सलग दोन तिमाही, आधीच्या वर्षाच्या तुलनेत ठराविक टक्के घट दिसली की हमी आपोआप सुरू व्हावी आणि बारा महिन्यांनी बंद. कंपन्यांचे विक्रीचे आकडे इथे चालणार नाहीत. त्यात डीलरकडे ढकललेली गाडीही विकलेली मोजतात. हमी स्वीकृत बिलाच्या ८० टक्क्यांवर असावी, १०० टक्क्यांवर नको. २० टक्के जोखीम बिल वटवणाऱ्याच्या अंगावर राहिली तरच तो डोळे उघडे ठेवील. प्रत्येक पुरवठादाराची मर्यादा त्याच्या गेल्या वर्षीच्या जीएसटी विवरणातल्या सरासरी तीन महिन्यांच्या विक्रीइतकी. एकाच घरच्या दोन कंपन्यांमधली बिलं बाद. नाहीतर सहा महिन्यांत फिरत्या बिलांचा बाजार भरेल, हे सांगायला हिशेबनीस कशाला हवा.

अमेरिकेने मार्च २००९ मध्ये नेमकी अशीच योजना आणली होती, पाच अब्ज डॉलरची. वापरले गेले फक्त ४१ कोटी ३० लाख. कुठला पुरवठादार योजनेत घ्यायचा हे जीएम आणि क्रायस्लरच ठरवत होत्या, आणि शुल्क पुरवठादाराकडून : नुसत्या हमीला २ टक्के, लगेच रोख हवी तर ३ टक्के. दोन-तीन टक्के नफ्यावर चालणाऱ्या कारखान्याला ही रक्कम म्हणजे सगळा नफा. दिलेला पैसा व्याजासकट परत आला, म्हणजे बुडीत जाण्याची भीती अवास्तव होती. पोच कमी पडली. म्हणून निवड ग्राहक कंपनीच्या हातात नको, आणि शुल्क उशीर करणाऱ्या ग्राहकाने भरावं.

दोन जागी ही योजना अडखळेल, ते आत्ताच सांगतो. पहिली : आमच्या येण्यांवर आमच्या बँकेचा आधीच बोजा असतो. तेच बिल दुसरीकडे वटवायचं तर बँकेचं ना-हरकत पत्र लागतं, आणि शाखेत त्याला महिने लागतात. हमी असलेल्या बिलांपुरता बोजा आपोआप सुटेल असं रिझर्व्ह बँकेकडून परिपत्रक हवं. दुसरी, आणि जास्त अवघड : पैसा पहिल्या फळीच्या पुरवठादारापाशीच थांबतो. त्याच्याखाली दुसरी फळी, तिसरी फळी, प्लेटिंगवाला, हीट ट्रीटमेंटवाला. हमीतून पैसे उचलणाऱ्याने दहा दिवसांत खालच्यांची थकीत बिलं चुकती करावीत. न केल्यास पुढचं बिल हमीबाहेर. हे जीएसटीच्या पोर्टलवरून तपासता येतं. मात्र ई-इन्व्हॉइसची सक्ती पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांनाच आहे, त्यामुळे तिसऱ्या फळीला स्वेच्छेने त्यात येण्याची सोपी वाट ठेवावी लागेल.

आणि कंपनीच बुडत असेल तर? दिवाळखोरी संहितेत आम्ही ‘ऑपरेशनल क्रेडिटर’, म्हणजे माल पुरवून पैसे येणं असलेले धनको. धनकोंच्या समितीत बँका मतदान करतात, आम्हाला मत नाही, आणि वाटपाच्या उतरंडीत आम्ही बँकांच्या खाली. प्रक्रियेची कमाल मुदत ३३० दिवस, प्रत्यक्षात त्याहून जास्त. मोटार कंपनी इतके दिवस अशा अवस्थेत जगूच शकत नाही, कारण वॉरंटी कोण पाळणार हे माहीत नसेल तर गिऱ्हाईक गाडी घेत नाही. अमेरिकी सरकारने त्या काळात ६४ कोटी डॉलर फक्त वॉरंटीच्या हमीसाठी बाजूला ठेवले होते. कंपन्या सावरल्या आणि तेही परत आले. आपल्याकडे सरकारी पैसा देण्याची वेळ आली, तर तो संहितेच्या आतच, अंतरिम वित्त (प्रक्रिया चालू असताना दिलेलं कर्ज) म्हणून, पुरवठादारांची चालू आणि मागची बिलं चुकती करण्याच्या अटीवर द्यावा. बदल्यात शेअर्सचा हक्क. पैसा बाहेर असेतो लाभांश नाही, परदेशी मूळ कंपनीला रॉयल्टी नाही. नोकऱ्यांची अट कायम कामगारांपुरती नको. कंत्राटी, ट्रेनी, अप्रेंटिस सगळे मोजा. डेल्फी या सुट्या भागांच्या कंपनीच्या प्रकरणात संघटित कामगारांची पेन्शन नव्या जीएमने भरून काढली, आणि पगारी कर्मचाऱ्यांची कापली गेली. लिहून न ठेवलेल्या माणसाचं असं होतं.

जुनी उत्तरदायित्वंही लिहा. जीएमच्या इग्निशन स्विचचा दोष २०१४ मध्ये बाहेर आला तेव्हा २००९ च्या दिवाळखोरीआधीच्या अपघातग्रस्तांना ‘ती जुनी कंपनी’ असं ऐकावं लागलं. नुकसानभरपाई निधीने शेवटी १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले.

अटी कडक असल्या की कंपन्या मदत घेणारच नाहीत, असा आक्षेप येतो. न घेऊ देत. टाटा मोटर्सने जून २००८ मध्ये २.३ अब्ज डॉलरना जॅग्वार लँड रोव्हर घेतली आणि लगेच मंदी आली. युरोपीय गुंतवणूक बँकेचं ३४ कोटी पौंडांचं कर्ज मंजूर झालं, त्याला ब्रिटिश सरकारची हमी हवी होती. सरकारने कारभारात हात घालणाऱ्या अटी पुढे केल्या. बोलणी महिनोन्‌महिने चालली, आणि ऑगस्ट २००९ मध्ये कंपनीने सरकारी हमी सोडून बँकांकडून पैसा उभा केला. ब्रिटनच्या करदात्याचा त्या हमीत एक पेनीही अडकला नाही आणि कारखाने चालू राहिले. ज्याला दुसरी वाट आहे तो अटी पाहून ती शोधतो.

खपाला चालना द्यायची असेल तर २००९ ची आठवण पुरे. उत्पादन शुल्क कपात झाली, पण ट्रक-बसच्या ऑर्डरी हलल्या त्या नेहरू नागरी अभियानातून शहरांना बससाठी मिळालेल्या पैशाने आणि व्यापारी वाहनांवरच्या ५० टक्के घसाऱ्याने. त्या पैशाच्या बदल्यात रस्त्यावर बस आली. मंदीत एसटीच्या जुन्या गाड्या बदलायला काढल्या तर तेच होईल.

राज्य सरकारला एक वेगळी विनंती. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. डेट्रॉईटची कंपनी अमेरिकी करदात्याने वाचवली, पण २०१७ अखेर तिने भारतातली विक्री थांबवली आणि डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचं उत्पादनही. चिनी कंपनीशी झालेला सौदा फिसकटला, मग ह्युंदाईने कारखाना घेतला. दरम्यान कामगार न्यायालयांत हेलपाटे घालत होते. कुठल्याही देशाचं सरकार आपल्या कंपनीला वाचवतं ते आपल्या कारखान्यांसाठी. लांबचे कारखाने आधी छाटले जातात. म्हणून प्रोत्साहन योजनेखाली जीएसटी परतावा देताना करारात निर्गमनाचं कलम घाला : कारखाना बंद करताना न फिटलेल्या डायची उरलेली रक्कम, रद्द शेड्यूलचा तयार माल आणि पुरवठादारांची थकबाकी चुकती झाल्याचा दाखला मिळेपर्यंत भूखंडाच्या हस्तांतराला औद्योगिक विकास महामंडळाची परवानगी नाही. हस्तांतराला महामंडळाची परवानगी आजही लागतेच. फॉर्ममध्ये एक रकाना वाढवायचा आहे.

डायच्या नोंदवहीचंही तसंच. मालक कोण, क्रमांक, फोटो, उरलेली वसुली, एवढ्या चार गोष्टींची यादी कर्ज मंजूर करतानाच बँकेने फाइलला लावली, तर जप्तीच्या दिवशी ग्राहकाची डाय बाहेर काढता येईल. हे राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या एका बैठकीचं काम आहे. बिलांच्या हमीसाठीही नवी संस्था नको. करोनात लघुउद्योगांच्या कर्जांना ज्या राष्ट्रीय पत हमी कंपनीने हमी दिली, तिच्याकडेच हे देता येईल. मसुदा, रकाने आणि वरच्या हिशेबाचे तक्ते आमच्याकडे तयार आहेत. बोलावाल तेव्हा घेऊन येऊ.

कळावे,

आपले,
भोसरी-चाकण परिसरातील सुट्या भागांचे काही लघुउत्पादक, टूलरूमवाले आणि हिशेबनीस